नाव घेणारी बाई

आमच्या धाकट्या जावेनं, उमादेवीनं, नवऱ्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली तवा मी तिथंच होते. लातूरच्या दवाखान्यात, खिडकीपाशीच्या खाटेवर माझा दीर पडलेला, डोक्याला ही एवढी पट्टी. उमादेवीनं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर सावरला, त्याच्या कानाशी वाकली अन् म्हणली, "शिवमूर्ती." माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायला लावला तवा बी अर्धं नाव गिळलं होतं, अन् आम्ही बाया पोट धरून हसलो होतो.

मी पार्वतम्मा, औशाची. माझं तोंड फटकळ हाय, हे मला कुणी सांगायची गरज न्हाई. वाटलं ते बोलते, मग पस्तावते, अन् पुन्हा बोलते. ही गोष्ट सांगताना मी माझी बाजू झाकणार न्हाई, कारण उमादेवीच्या घरातून तिचा नवरा उचलून न्यायला जे निघाले होते, त्यांच्यात मीच पुढं होते.

माझा दीर उदगीरला मोटारी भरायचा. म्हणजे बोअरातली पाण्याची मोटार जळाली, की तिच्यातली जळकी तार ओढून काढायची अन् नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून बसवायची. नळेगाव रोडला पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर, मधी एक भिंत. दोन वर्षांमागं जून महिन्यात उमादेवी भावाच्या घरभरणीला देगलूरला गेली होती. हा एकटाच होता. एका शेतात मोटार उतरवून येताना गाडी खडीवर घसरली. हेल्मेट दुकानातल्या खुंटीला. डोक्यात रक्त साकळलं, लातूरला ऑपरेशन झालं, अठरा दिवस डोळा उघडला न्हाई.

उघडला तवा तो कुणालाच धड ओळखेना. मला अव्वा म्हणला. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, त्याची आई कशी असंन? पण बसले तशीच हात धरून. तिथं बुद्धप्रिया मॅडम म्हणून एक पोरगी होती, डोक्याला मार लागलेल्यांना पुन्हा शिकवायचं काम करायची. लई मायाळू. ती म्हणली, "काकू, त्यांना नावानं हाक मारा. पुन्हा पुन्हा सांगा, तुम्ही कोण, ते कोण, आज वार कोणता. कंटाळू नका." उमादेवीचा स्वभाव असा, की एकदा मनावर घेतलं की घेतलंच. त्या दिवसापासून ती उठता बसता म्हणायची, "शिवमूर्ती, मी उमादेवी. तुमची बायको. आज बुधवार हाय."

हळूहळू धुकं निवळलं. मला वैनी म्हणायला लागला. आमच्या ह्यांना अण्णा म्हणला. अक्षराला, म्हणजे त्यांच्या पोरीला, ओळखलं, फक्त ती अजून दहावीत हाय असं त्याला वाटायचं. ती तर लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. एक एक करून सगळे त्याच्या डोक्यात परत आले. राहिली एकटी उमादेवी. तिला तो म्हणायचा, "सिस्टर, माझी बायको देगलूरला गेलीया. तिला कुणी कळवलं का?"

ती म्हणायची, "कळवलंय." मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुवायची अन् परत यायची.

घरी आणल्यावर 'सिस्टर'चं 'बाई' झालं, एवढाच फरक. भिंतीवर तिनं फळा लावला: आज वार कोणता, आपण उदगीरला आहोत, मी तुमची बायको. दाराला घंटी बांधली. त्याच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला आतून फोन नंबर शिवला. रिक्षावाल्यांना जाऊन सांगून आली, हा माणूस एकटा दिसला तर मला फोन करा. दुकान बंद पडू दिलं न्हाई. हात त्याचे अजून चालायचे, पण वेढ्यांचा आकडा निसटायचा. तीस म्हणता म्हणता पुन्हा दहावर यायचा. तर ही समोर पाट टाकून बसायची अन् मोजायची. तो तार ओढायचा, ही म्हणायची, एकवीस, बावीस, तेवीस. तो कौतुकानं म्हणायचा, "बाई, तुम्ही बऱ्या मोजता. माझी बायको कधी बसली न्हाई दुकानात. तिला ह्या तारेचा वास सोसत न्हाई." अन् खरं होतं ते. अजून बी तिला तारेवरच्या वार्निशच्या वासानं मळमळतं.

त्याचं कपाळावर भस्म लावणं, सकाळची पूजा, सगळं जिथल्या तिथं होतं. पण संध्याकाळ झाली की बेचैन व्हायचा. "बाई, तुम्ही निघा आता, तुमच्या घरचे वाट बघत असतील." आंघोळीला पाणी टाकायला गेली तर दार लावून घ्यायचा. रात्री तिनं उंबऱ्याबाहेर अंथरूण टाकायचं, कारण परकी बाई खोलीत नको. अन् दोनदा तो बायकोला आणायला म्हणून घरातून निघाला. एकदा देगलूरच्या बसमध्ये सापडला. कंडक्टरनं खिसा बघून फोन केला. दुसऱ्यांदा रेल्वे फाटकाच्या पलीकडं, रुळाच्या कडंकडंनं चाललेला.

ते ऐकल्यावर आमच्या ह्यांनी ठरवलं. उदगीरला येऊन उमादेवीला समोर बसवून म्हणले, "दिवाळीपर्यंत बघू. तोवर त्यानं तुला ओळखलं न्हाई, तर मी त्याला औशाला नेणार. मागची खोली हाय, बाहेरून कडी लागती. तू पोरीपाशी लातूरला ऱ्हा."

उमादेवी थोरल्या दिरासमोर कधी बोलत न्हाई. त्या दिवशी बोलली. "कडी लावायला त्यांनी काय चोरी केलीय का?"

"उद्या रेल्वेखाली सापडला तर?" मी म्हणले. अन् आमचं म्हणणं चूक होतं असं मी आज बी म्हणणार न्हाई. जो माणूस बायको घरात असताना तिला हुडकायला गावभर फिरतो, त्याला कोण किती दिवस धरून ठेवणार?

दसरा झाल्यावर मी उदगीरला जाऊन राहिले. मदतीला म्हणून, पण खरं तर नजर ठेवायला. चारच दिवसांत मी बेजार झाले. सकाळपासून त्या घरात एकच जप: शिवमूर्ती चहा घ्या, शिवमूर्ती गोळी घ्या, शिवमूर्ती आज शनिवार. शेजारची गौरम्मा कानडीत काहीतरी पुटपुटायची अन् खिडकी लावून घ्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. दीर हळूच येऊन शेजारी बसला. म्हणला, "वैनी, एक इचारू का? ह्या बाईचं लग्न झालंय का?"

"कामून रे?"

"न्हाई, परक्या माणसाला नाव घेऊन हाक मारती. स्वभावानं लई चांगली हाय, कामाला वाघ हाय, पण घरात कुणी वळण लावलेलं दिसत न्हाई." मग आत बघून आवाज आणखी खाली आणला. "माझी बायको देगलूरहून आली अन् तिनं हे ऐकलं, तर काय म्हणंल? ती स्वतः कधी माझं नाव घेत न्हाई."

आता शहाण्या बाईनं हे ऐकून काय केलं असतं? मी काय केलं ते सांगते. संध्याकाळी उमादेवी भाकरी थापत होती, तवा मी तिला टोमणा मारला. "बघ बाई, तुझ्या नवऱ्याला बी तुझी लाज वाटती. नाव घेणारी बाई माझी बायको असूच शकत न्हाई म्हणतोय." अन् वर हसले सुद्धा.

तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, मीच उलथनं घेऊन उलटली. उमादेवी माझ्याकडं बघत होती, पण रागानं न्हाई. "अक्का," ती म्हणली, "पुन्हा सांगा. त्यांनी नेमकं काय म्हणलं?"

मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं कपाळावर हात मारला, पीठ लागलं तसंच राहिलं. मग तिथंच फोन काढून बुद्धप्रिया मॅडमला लावला अन् सगळं सांगितलं. ती पोरगी म्हणली, "काकू, आमच्या घरी सगळे नावानंच बोलतात. माझ्या हे डोक्यातच आलं न्हाई. तुम्ही आधी त्यांना काय म्हणायचात?"

उमादेवी लाजली. पंचेचाळीस वर्षांची बाई, कपाळाला पीठ, अन् लाजली. "री," ती म्हणली.

उमादेवीच्या माहेरी घरात कानडी. कानडी घरातली बाई नवऱ्याला हाक मारताना 'री' म्हणती, आपण 'अहो' म्हणतो तसं. एवढंसं अक्षर. "मग तेच म्हणा," मॅडम म्हणली. "तुमच्या घरचं तुम्हालाच जास्त कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फळा पुसला, त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली अन् म्हणली, "री."

दीर ताडकन उठला. तोंडावर असा उजेड आला, की माझे बी डोळे भरले. पण तो तिच्याकडं बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता. "आली वाटतं," म्हणला, अन् दार उघडून रस्त्यावर गेला. घंटी वाजत राहिली. आम्ही दोघी अनवाणी मागं पळालो, चौकात जाऊन त्याला धरला. परत आणताना तो एकच म्हणत होता, "मी तिचा आवाज ऐकला, वैनी. खरंच ऐकला."

मी उमादेवीला म्हणले, "आता तरी ऐक आमचं." दिवसभर काम करताना तिचं तोंड बंद अन् डोकं चालू, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी दीर दुकानात तारेचा गुंता सोडवत बसलेला. उमादेवी स्वयंपाकघरात आली, ओट्यापाशी उभी राहिली, भिंतीकडं तोंड केलं अन् तिथूनच, घरच्या बायकोसारखी, जरा करवादून ओरडली, "री, चहा ठेवू का?"

भिंतीपलीकडनं आवाज आला, "ठेव की. इचारती काय?"

माझ्या हातात डाळीची वाटी होती, ती मी खाली ठेवली. उमादेवीनं दोन्ही हातांनी ओटा धरला होता. मग मला हळू आवाजात म्हणली, "अक्का, चोवीस वर्षं मी त्यांना इथूनच हाक मारली. समोर जाऊन कधी मारली? समोर गेले की हाक कशाला लागती?" खरंच की. मी तरी आमच्या ह्यांना कुठनं हाक मारते? चुलीपासनंच.

चहा घेऊन ती बाहेर गेली तर हा लगेच ओशाळला. "बाई, तुम्ही कशाला आणलात? ती आत हाय ना, तिनं आणला असता."

ती परत आत आली तवा हसत होती. मी म्हणले, "हसायला काय झालं? अजून बाईच हाय तू." तर म्हणली, "असू द्या. पण मी आत हाय म्हणले ते. आता देगलूरला न्हाई." अन् खरंच, त्या दिवसापासून तो संध्याकाळी निघाला न्हाई. बायको स्वयंपाकघरात हाय, मग कशाला निघंल?

मग सुरू झालं त्या बाईचं नवं खूळ. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता. पहिल्या दिवशी पडद्याआडून बोलली. दुसऱ्या दिवशी पडद्यातून नुसता हात बाहेर काढून कपबशी दिली, बांगड्या वाजवून. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात. तो कप घ्यायचा अन् हाताकडं बघायचा. चौथ्या दिवशी हात तसाच धरून ठेवला त्यानं, म्हणला, "हाताला चटका कधी बसला?" तो डाग वीस वर्षांचा होता, अक्षराच्या बारशाच्या पुऱ्या तळतानाचा. पण पूर्ण पडदा सारून समोर आली, की पुन्हा "बाई". मी कपाळाला हात लावायचे. ती म्हणायची, "उद्या खांद्यापर्यंत." चिकाटी कशी असती ते मी त्या पडद्यापाशी बघितलं.

पण दिवाळी काय पडद्यासाठी थांबती का? वसुबारसेला सकाळीच आमच्या गावच्या दगडोबाची जीप दारात उभी राहिली अन् आमचे हे उतरले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणले, आणखी आठ दिवस द्या. ते म्हणले, "तूच तर मागं लागली होतीस." खरं बोलले. मला तोंड वर करायला जागा ऱ्हायली न्हाई.

त्यांनी भावाला शेजारी बसवलं. उमादेवी समोर उभी. तिच्याकडं बोट करून विचारलं, "शिवा, ही कोण?"

दीर अदबीनं म्हणला, "ह्या बाई दवाखान्यातल्या. लई केलं ह्यांनी माझं."

"बास," आमचे हे म्हणले. "चल, औशाला जाऊ." त्यांचा बी आवाज कापत होता, दगडाचा माणूस न्हाई तो. दगडोबानं पिशवी उचलली. दीर उठला. अण्णाचा शब्द त्यानं जन्मात मोडला नव्हता. दाराशी गेला, एका पायात चप्पल घातली.

मला वाटलं उमादेवी आता पाय धरंल. ती वळली अन् तरातरा स्वयंपाकघरात गेली. पडदा खाली पडला. अन् आतून आवाज आला, खणखणीत, चिडलेला.

"री. कुठं निघालात न सांगता? ऊटा माड्री आधी."

ऊटा म्हणजे जेवण. जेवून घ्या आधी. चोवीस वर्षं रोज दुपारी ऐकलेलं.

दिराचा दुसरा पाय तसाच राहिला. तो भिंतीकडं तोंड करून म्हणला, "अगं, अण्णा आलाय. औशाला चल म्हणतोय."

"जायचं न्हाई. पाटलाच्या मोटारीचे अर्धे वेढे राहिलेत."

दिरानं पायातली चप्पल काढली. आमच्या ह्यांच्याकडं बघून, जरा ओशाळून, म्हणला, "अण्णा, ती न्हाई म्हणतीया. आता तिच्यापुढं कोण बोलणार?"

अन् तवा पडदा सरला. पूर्ण. उमादेवी उंबऱ्यावर ताट घेऊन उभी, अन् तिथनंच, त्याच्या डोळ्यात बघत, तोच आवाज, "री, या की. निवतंय."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ओठ हालले होते अन् आवाज तिथूनच आला होता, हे त्यानं बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. आमचे हे काही बोलायला गेले, मी त्यांचा हात दाबला. दीर दोन पावलं पुढं गेला, तिच्या मनगटावरचा डाग बघितला, पुन्हा तोंड बघितलं.

"देगलूरहून कधी आलीस?"

"कवाच आले," ती म्हणली. "तुम्हीच घरी नव्हता."

आमच्या ह्यांनी दगडोबाला खूण केली, पिशवी आत आली. जीप तशीच रिकामी परत गेली.

तो बरा झाला असं मी सांगणार न्हाई. आज बी तो सकाळी उठतो तवा कधी कधी ती बाईच असती. मग ती उठून आत जाती, भिंतीआडून हाक मारती, अन् तिथून पुन्हा सुरुवात करती. कधी एका हाकेत येतो, कधी दुपार होती. ती थकती, चिडती, मला फोन करून माझ्यावरच ओरडती, अन् संध्याकाळी पुन्हा पाटावर बसून वेढे मोजती. औशाच्या त्या खोलीत आम्ही आता सोयाबीनची पोती ठेवतो.

पण त्या वसुबारसेच्या जेवणाचं सांगायचं राहिलंच. दोघं भाऊ जेवत होते, उमादेवी वाढत होती. दिरानं इकडं तिकडं बघितलं अन् विचारलं, "ती बाई कुठं हाय? दिसत न्हाई."

"गेली," उमादेवी म्हणली.

"माझं नाव घेऊन हाक मारायची ती. तू मनावर घेऊ नको. मनानं वाईट नव्हती."

"न्हाई घेत. लई राबली ती तुमच्यासाठी."

"हाव, ते हाय." त्यानं घास मोडला, पुन्हा थांबला. "जाताना तिला जेवू घातलंस का न्हाई?"

उमादेवीनं पळी भांड्यात ठेवली. पाच महिन्यांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. तशीच मटकन खाली बसली, पदर तोंडाला लावून. मी उठले, एक ताट घेतलं, अन् तिला वाढलं.